ऑथेल्लोचे भाष्यकार आणि परीक्षार्थी

इंग्रजी वाङ्मयाच्या परीक्षेंत शेक्सपीअरच्या शोकान्त नाटकावर जो प्रश्न विचारला जातो, त्याचें रूप पूर्वींसारखें राहिलेलें नाहीं. नायकाचें स्वभावचित्र रेखाटा, किंवा कथानक सांगून त्यांतील गुणदोष दाखवा, असे प्रश्न एके काळीं पुरेसे समजले जात. आतां प्रश्नपत्रिकेंत एखादें मत छापलेलें असतें आणि तें कितपत ग्राह्य आहे हें नाटकाच्या आधारें ठरविण्यास सांगितलेलें असतें. इंग्लंडांत शालेय शिक्षणाच्या अखेरीस जी ए-लेव्हल परीक्षा होते, तिच्यांत तर निरनिराळ्या अर्थनिरूपणांच्या आधारें कृतीचा विचार करणें हें एक स्वतंत्र उद्दिष्टच घातलेलें आहे. आपल्याकडे बी. ए. ला इंग्रजी घेणाऱ्या विद्यार्थ्यांचीही अशा प्रश्नाशीं केव्हां ना केव्हां गांठ पडतेच.

या प्रश्नाची तयारी बहुतेकजण एकाच रीतीनें करतात. वहीचें एक पान घ्यावयाचें, त्यावर टीकाकारांचीं नांवें एकाखालीं एक मांडावयाचीं, प्रत्येकापुढें एकेक वाक्य लिहावयाचें, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं तें पान घोकावयाचें. दुसरे दिवशीं उत्तरपत्रिकेंत ब्रॅड्ली असें म्हणतो, लीव्हिस तसें म्हणतो, कोलरिजचें म्हणणें आणखी निराळें, अशी नामावळी उतरते. लग्नांतल्या आहेराच्या यादीप्रमाणें नांव आणि रक्कम, त्यापलीकडे कांहीं नाहीं. शेवटीं, सर्वांच्याच म्हणण्यांत थोडेंबहुत तथ्य आहे, असें एक गुळमुळीत वाक्य. परीक्षकास यावरून एवढेंच कळतें, कीं मुलाची स्मरणशक्ति चांगली आहे. त्यानें नाटक उघडलें होतें किंवा नाहीं, हें कळण्यास मार्ग नसतो.

वास्तविक एका ग्रंथाचे अनेक अर्थ लागतात ही गोष्ट आपल्या लोकांस नवी वाटण्याचें कारण नाहीं. गीतेवर शंकराचार्यांचें भाष्य आहे, रामानुजाचार्यांचें आहे, मराठींत ज्ञानेश्वरी आहे, आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेलें टिळकांचें गीतारहस्य आहे. एकास तींत ज्ञान आणि संन्यास दिसला, दुसऱ्यास भक्ति, तिसऱ्यास कर्मयोग. परंतु हे भाष्यकार नुसतीं आपापलीं मतें सांगून थांबले नाहींत. अमुक श्लोकांतील अमुक पदाचा अर्थ असाच कां घ्यावा, तसा घेतल्यास पुढील श्लोकाशीं संगति कशी लागते, याबद्दल त्यांचा वाद आहे. शिवाय खंडन करण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या पुऱ्या बळानिशीं मांडावयाचें, ही पूर्वपक्षाची शिस्त. शेक्सपीअरवरील निबंधास हीच शिस्त लागू पडते. श्लोकाच्या जागीं प्रवेश आणि ओळ घ्यावयाची, एवढेंच.

उदाहरणादाखल ऑथेल्लो घेणें सोयीचें. त्यांतील मतभेदाचा मूळ प्रश्न अगदीं साधा आणि तितकाच भयंकर आहे. एका निरपराध स्त्रीचा तिच्या नवऱ्याच्या हातून शय्येवर वध होतो. या वधाचा दोष कोणाचा? १६०४ च्या नोव्हेंबरच्या १ तारखेस लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यांत हें नाटक झाल्याची नोंद आहे, आणि तेव्हांपासून त्याची कथा सर्वतोमुखीं झालेली आहे. व्हेनिसच्या चाकरींतील कृष्णवर्णी सेनापति ऑथेल्लो. बापास न विचारतां त्यास वरणारी डेस्डिमोना. वरचें पद कॅशिओस मिळालें म्हणून जळणारा ध्वजधारी इयागो. आणि एक हातरुमाल. मरतांना डेस्डिमोना आपल्या मृत्यूचा दोष स्वतःवरच घेते. तो खरा नाहीं हें प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक असतें. मग खरा दोषी कोण, हें मात्र त्यास स्वतःच ठरवावें लागतें.

सर्व वादाचें रणक्षेत्र म्हणजे तिसऱ्या अंकांतील तिसरा प्रवेश. तो सुरू होतो तेव्हां ऑथेल्लो सुखी आहे. संपतो तेव्हां कॅशिओच्या आणि पत्नीच्या मृत्यूचा त्याचा निश्चय झालेला आहे. ए. सी. ब्रॅड्ली हा ऑक्सफर्डचा काव्याचा प्राध्यापक. शेक्सपीअरच्या शोकान्त नाटकांवरील त्याचा व्याख्यानग्रंथ १९०४ सालीं निघाला आणि आपल्या कॉलेजांतही त्याचा पगडा दीर्घकाळ राहिला. त्याच्या मतें ऑथेल्लो स्वभावतः मत्सरी नव्हेच. तो उदार मनाचा, आणि विश्वास टाकला कीं पुरता टाकणारा. ज्या इयागोस सारे लोक प्रामाणिक म्हणतात, तोच इयागो मोठ्या नाखुशीनें, जणूं बळेंच काढून घेतल्यासारखी, एकेक गोष्ट सांगत आहे. अशा वेळीं कोणाचेंही मन डळमळलें असतें. त्यांतून लग्न नवें आणि नवरा परदेशचा; व्हेनिसच्या स्त्रियांची रीतभात त्यास ठाऊक नाहीं.

१९३७ सालीं केंब्रिजच्या एफ. आर. लीव्हिस यानें ‘स्क्रूटिनी’ या त्रैमासिकांत या मतावर कडाडून हल्ला चढविला. त्यानें ओळी मोजल्या. डेस्डिमोना रंगभूमीवरून गेल्यावर इयागोची खरी चढाई सुरू होते; आणि सुमारें ७० ओळींत ऑथेल्लोची अशी अवस्था होते, कीं इयागो त्याच्या तोंडावर मत्सराचें आणि फसलेल्या नवऱ्याचें नांव काढतो, व उत्तरादाखल एका दुःखोद्गारापलीकडे कांहीं ऐकूं येत नाहीं. ९० ओळी होतात न होतात तों आपण लग्न तरी कां केलें, असें हा वीर विचारूं लागतो. इतक्या लवकर जो ढळला तो विश्वासच नव्हे. त्याचें प्रेम डेस्डिमोनेवर नव्हतें, तिच्या नजरेंत दिसणाऱ्या स्वतःच्या थोरवीवर होतें. शत्रु घरांतच होता, इयागोनें कडी काढली इतकेंच. लीव्हिसच्या म्हणण्याचा इत्यर्थ हा असा.

परीक्षार्थ्याचें खरें काम येथें सुरू होतें, आणि पुष्कळांचें येथेंच संपतें. दोन मतें सांगून झालीं, आतां तिसरें घ्यावें, असें त्यांस वाटतें. त्याऐवजीं प्रत्येक मतास नाटकांतील कोणती गोष्ट जड जाते, हें शोधावें. ब्रॅड्लीस ही घाई जड जाते. दुसऱ्या अंकांत रात्रीचा दंगा होतो तेव्हांही कॅशिओ गप्प राहतो, इयागो बोलतो आणि ऑथेल्लो तत्काळ निकाल देऊन कॅशिओस पदावरून काढतो. म्हणजे ही घाई तिसऱ्या अंकांतच उपटलेली नाहीं. लीव्हिसला जड जाते ती इयागोची कीर्ति. त्याच्यावर भरंवसा ठेवणारा ऑथेल्लो एकटा नाहीं. पद गमावलेला कॅशिओ सल्ल्यासाठीं इयागोकडेच येतो. चौथ्या अंकांत नवऱ्यानें झिडकारलेली डेस्डिमोना इयागोपुढेंच गुडघे टेकते. त्याच वेळीं एमिलिया, म्हणजे इयागोची स्वतःची बायको, कोणा तरी नीचानें हें कुभांड रचलें असावें असें नवऱ्यादेखत म्हणते, आणि तरीही तिचा संशय त्याच्यावर जात नाहीं. संसार करणारी बायको ज्यास ओळखूं शकली नाहीं, त्यास सेनापतीनें ओळखलें नाहीं म्हणून त्याचा विश्वास खोटा कसा ठरवावा? हें सर्व खरें असलें, तरी परीक्षेच्या कामीं लीव्हिसचें ओळी मोजणें हें ब्रॅड्लीच्या हृदयंगम वर्णनापेक्षां अधिक उपयोगी पडतें. पुस्तक उघडून तें कोणासही पडताळून पाहतां येतें.

हे दोघे भांडत असतां त्याच प्रवेशांतील एक जागा दोघांच्याही हातून पुरती वाचली गेली नाहीं, असें पुढील पिढीच्या टीकाकारांस वाटलें. पत्नीच्या निष्ठेबद्दल शंका नाहीं असें म्हणतां म्हणतां ऑथेल्लोच्या मनांत येतें, कीं निसर्गही कधीं आपली वाट चुकतो. इयागो तें वाक्य पुरें होऊं देत नाहीं. आपल्या देशाचे, आपल्या वर्णाचे, आपल्या दर्जाचे वर नाकारून जी भलत्यासच वरते तिच्या मनांत कांहीं तरी कुजकें असलें पाहिजे, असें तो सुचवितो. पुढें एकटा राहिल्यावर ऑथेल्लो जीं कारणें शोधूं लागतो, त्यांत पहिलें कारण स्वतःच्या काळ्या रंगाचें. पहिल्या अंकांत मध्यरात्रीं डेस्डिमोनेच्या बापाच्या खिडकीखालीं ज्या शिव्या दिल्या गेल्या, त्या ऑथेल्लोनें ऐकलेल्या नाहींत; तरी त्यांतलें विष त्याच्याच तोंडून बाहेर पडतें. मग दोषी केवळ इयागो कीं केवळ ऑथेल्लो, हा प्रश्न अपुरा ठरतो. त्यास लढाईसाठीं हवा म्हणणारें आणि जांवई म्हणून नको म्हणणारें व्हेनिस नगरही आरोपीच्या पिंजऱ्यांत येतें. आनिया लूंबा या भारतीय विदुषीनें १९८९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वर्णाचा आणि स्त्रीचा प्रश्न एकत्र वाचला, आणि भारतांतील कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय कसें शिकविलें जातें हाही विषय त्यास जोडला. आपल्या विद्यार्थ्यांनीं हें नांव इतरांच्या मागें ढकलूं नये.

रंगभूमीनेंही हा वाद आपल्या परीनें चालविलेला आहे. १८३३ सालीं इरा आल्ड्रिज हा कृष्णवर्णी नट लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्यें ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. पॉल रोबसननें १९३० मध्यें लंडनांत आणि १९४३ पासून न्यूयॉर्कमध्यें ही भूमिका केली, आणि न्यूयॉर्कचे प्रयोग २९६ झाले. १९६४ मध्यें लॉरेन्स ऑलिव्हिए यानें काळा रंग फांसून जो ऑथेल्लो केला तो लीव्हिसच्या वळणाचा, स्वतःवर खूष असलेला. मराठी विद्यार्थ्यास तर एक भाष्य घरचेंच आहे. देवलांनीं १८९० सालीं ‘झुंझारराव’ लिहितांना काय ठेवावें आणि काय बदलावें हें ठरविलें, तोही अर्थनिर्णयच होय.

इयागोच्या हेतूबद्दल थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. कोलरिजच्या मतें इयागो हेतु शोधीत हिंडतो, कारण त्याच्या दुष्टपणास खरा हेतूच नाहीं. या मतावर विशेषणें उधळण्यापेक्षां एक गोष्ट सांगावी: शेक्सपीअरनें जेथून कथा घेतली, त्या चिंथिओच्या १५६५ सालच्या इटालियन कथेंत ध्वजधारी स्वतःच त्या स्त्रीवर आसक्त आहे. नाटकांत हा सरळ हेतु एका ओझरत्या उल्लेखापुरता उरला आहे. तो कां कमी केला, हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा निबंध इतरांहून वेगळा दिसेल.

टॉमस रायमर यानें १६९३ मध्यें या नाटकाची यथेच्छ टर उडविली. बायकांनीं आपले रुमाल नीट जपावे, हेंच म्हणे याचें तात्पर्य! विद्यार्थी हा विनोद म्हणून उतरवितात आणि पुढें जातात. पण रुमालाची चेष्टा सोडून त्याचा माग काढला, तर तो एमिलियेच्या हातांत सांपडतो. तिनेंच तो उचलून नवऱ्यास दिला, आणि शेवटीं जिवावर उदार होऊन सत्यही तिनेंच बोलून दाखविलें. चौथ्या अंकाच्या अखेरीस, स्त्रिया चुकतात तो दोष नवऱ्यांचा, आणि इंद्रियें व इच्छा बायकांसही असतात, असें ती स्पष्ट सांगते. हें भाषण १६२३ च्या फोलिओ प्रतींत आहे. १६२२ च्या क्वार्टोंत नाहीं. डेस्डिमोनेचें विलोगीतही क्वार्टोंत नाहीं. फोलिओंत सुमारें १६० ओळी अधिक आहेत, आणि त्यांतील या दोन जागा काढल्या तर नाटकांतील बायकांचा आवाज किती बारीक होतो, हें ज्यास दाखवितां आलें त्यास स्त्रीवादी टीकेच्या व्याख्या पाठ करण्याची फारशी गरज पडत नाहीं.

तेव्हां तयारी करतांना दहा टीकाकार घेऊं नयेत. तीन प्रवेश घ्यावे. प्रत्येक प्रवेशासाठीं वहीचें एक पान, मध्यभागीं त्यांतील सात-आठ महत्त्वाचे शब्द किंवा घटना, डावीकडे एक अर्थ, उजवीकडे दुसरा, आणि खालीं दोहोंसही न जुळणारी गोष्ट. ही खालची जागा रिकामी राहिली तर प्रवेश पुन्हां वाचावा. नांवें थोडीं द्यावीं, आणि देतांना साल आठवत असल्यास तेंही द्यावें. रायमर आणि लूंबा यांच्यामध्यें जवळजवळ ३०० वर्षें गेलीं, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे दोघांस एकाच वाक्यांत बसविण्याचा मोह होत नाहीं. स्वतःचें मत शेवटच्या चार ओळींसाठीं राखून ठेवूं नये. पहिल्याच परिच्छेदांत तें सांगावें, आणि मग प्रतिपक्षास पुरेशी जागा द्यावी.

शेवटच्या भाषणावर एक पान अवश्य असावें. टी. एस. एलियट यानें १९२७ मध्यें असें म्हटलें, कीं येथें ऑथेल्लो पश्चात्ताप करीत नसून स्वतःच स्वतःचें समाधान करून घेत आहे. ब्रॅड्लीच्या पक्षास याच भाषणांत त्याची गेलेली थोरवी परत आलेली दिसते. भाषणांत तो स्वतःची तुलना, अनमोल मोतीं फेंकून देणाऱ्या एका माणसाशीं करतो. तो माणूस कोण? क्वार्टोंत शब्द आहे ‘इंडियन’, फोलिओंत ‘ज्यूडियन’. पहिला पाठ घेतला तर मोत्याची किंमत न कळलेला अजाण मनुष्य डोळ्यांपुढें येतो. दुसरा घेतला तर कित्येकांस ख्रिस्तास दगा देणारा जूडास आठवतो, कित्येकांस निष्पाप पत्नीस ठार करविणारा हेरॉड राजा. अज्ञान कीं घात, हा सबंध नाटकाचा प्रश्न येथें एका शब्दावर येऊन ठेपतो, आणि संपादकांचें त्याबद्दल अद्याप एकमत नाहीं. आपल्या हातांतील आवृत्तींत कोणता पाठ छापला आहे, आणि दुसरा तळटीपेंत दिला आहे किंवा नाहीं, हें विद्यार्थ्यानें परीक्षेच्या पुष्कळ आधीं पाहून ठेवावें.