मालमोटारीच्या धुराची परीक्षा

घोडेगांवच्या बाजारांत कांद्याच्या गोणी भरून एखादी मालमोटार नगरकडे निघते. चालकासमोरील पिवळा दिवा दोन दिवसांपासून पेटलेला असतो. पण गाडी चालते आहे, मग दिव्याची पर्वा कोण करतो? वाटेंत चालक चहाला थांबतो, पुन्हां गाडी सुरू करतो, आणि इमामपूरच्या घाटांत तिचा जोर निम्म्यावर आल्याचें त्याच्या ध्यानांत येतें. इंजिनाचा आवाज ठीक, धूर दिसत नाहीं, तरी चढ चढवत नाहीं. अहमदनगर जिल्ह्याचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. त्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर असा प्रसंग आतां नवलाचा राहिलेला नाहीं. तो दिवा काय सांगतो, हें शहरांतील कुटुंबांनींही समजून घेण्याजोगें आहे. कारण कांदा, साखर व दूध याच गाड्या त्यांच्या दारीं आणतात, आणि याच गाड्यांमागची हवा त्यांचीं मुलें श्वासावाटे घेतात.

डिझेलच्या धुरांत मुख्य अपराधी दोन. पहिली काजळी, ती काळी असल्यामुळें डोळ्यांना दिसते. दुसरे नत्र व प्राणवायु यांच्या संयोगानें झालेले वायु. त्यांना कारागीर थोडक्यांत ‘नॉक्स’ म्हणतात. इंजिनांतील प्रखर उष्णतेनें हवेंतीलच हे दोन घटक एकत्र येतात. हे वायु बहुधा दिसत नाहींत, पण फुफ्फुसांना बाधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलच्या धुराची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. भारतांत १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे नियम लागू झाले. अवजड गाडीच्या इंजिनानें एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, काम केलें असतां पूर्वीं ३.५ ग्रॅम नॉक्सची मुभा होती. बदलत्या भाराच्या नव्या कसोटींत ती ०.४६ ग्रॅमवर आली.

हें साधावें कसें? धूर बाहेर पडण्यापूर्वीं त्याला तीन दालनांतून जावें लागतें. पहिल्या दालनांत मौल्यवान धातूंच्या सान्निध्यांत अर्धवट जळलेलें इंधन पुरतें जळतें. दुसऱ्या दालनाच्या सच्छिद्र भिंती काजळी अडवितात. ती सांचली म्हणजे उष्णता सुमारें सहाशें अंशांपर्यंत चढवून जाळली जाते. तिसऱ्या दालनाच्या तोंडाशीं युरियाचें पाणी फवारलें जातें. उष्णतेनें त्यांतून अमोनिया निघतो, आणि अमोनिया व नॉक्स यांची उत्प्रेरकावर गांठ पडली कीं निरुपद्रवी नत्र व पाण्याची वाफ उरते. हें पाणी ‘डीईएफ’ या नांवानें मिळतें. त्यांत ३२.५ टक्के शुद्ध युरिया व बाकी खनिजविरहित पाणी असतें. दालनांच्या आगेंमागें बसविलेले सेन्सर उष्णता, दाब व नॉक्स यांची खबर संगणकाला देतात. खबर वाईट आली कीं तो आधीं दिवा लावतो व पुढें गाडीचा जोर घटवितो.

येथेंच पहिला भ्रम दूर केला पाहिजे. ‘गाडीचें पीयूसी झालें आहे, तेव्हां धूर शुद्ध आहे’ असें अनेकांना वाटतें. डिझेल गाडीच्या त्या तपासणींत धुराचा गडदपणा मोजतात. नॉक्स मोजला जात नाहीं. तेव्हां प्रमाणपत्र खिशांत असूनही तिसरें दालन मृतवत् असूं शकतें.

दुसरा भ्रम अधिक खर्चाचा आहे. दिवा रोगाचें लक्षण सांगतो, रोगाचें नांव सांगत नाहीं. यंत्रावर ‘नॉक्स जास्त’ असा संकेत उमटला कीं उतावळा मिस्त्री नॉक्सचा महागडा सेन्सर बदलतो. आठ दिवसांनीं दिवा पुन्हां पेटतो. ताप दाखविला म्हणून तापमापक फोडण्यासारखाच हा प्रकार. शहाणा कारागीर संकेत पुसण्यापूर्वीं ते सर्व उतरून घेतो. दोष उमटला तेव्हां गाडीचा वेग, भार व उष्णता काय होती, तेंही पाहतो. मग स्वस्त व सोप्या कारणांकडून महागड्या कारणांकडे जातो.

पहिली परीक्षा टाकीची. दुधाला जसा लॅक्टोमीटर, तसें डीईएफला रिफ्रॅक्टोमीटर नांवाचें लहानसें यंत्र असतें. एका थेंबावरून युरियाचें प्रमाण कळतें. पण प्रमाण बरोबर आलें म्हणजे माल शुद्ध ठरला, असें नव्हे. शेतीचा युरिया विहिरीच्या पाण्यांत विरघळवूनही आंकडा जुळवितां येतो. त्या पाण्यांतील क्षार फवाऱ्याचें तोंड बुजवितात व उत्प्रेरकावर बसतात. शिवाय २०१५ पासून शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. सरकारी सवलतीचें खत असें वळविणें हा अपराधच आहे. दोनचार रुपयांची ही बचत पुढें सबंध दालनाच्या किंमतीला पडते.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. नळ्यांच्या सांध्यांतून धूर गळतो काय, दाबमापकाच्या बारीक नळ्या तुटल्या वा तुंबल्या काय, तारांचे जोड गंजले काय, फवाऱ्याभोंवतीं पांढरे खडे जमले काय, हें पहावें. खडे दिसले तर युरिया नीट फुटत नाहीं, किंवा तेथें उष्णता पुरत नाहीं. सुमारें दोनशें अंशांच्या खालीं ही क्रिया मंदावते. म्हणून गांवांतल्या गांवांत थोडें फिरून थांबणारी गाडी लांब पल्ल्याच्या गाडीहून अधिक वेळां तुंबते.

तिसरी परीक्षा मोजमापाची. फवारा काढून ठराविक वेळांत किती द्रव पडतो, तें मोजपात्रांत मोजावें व कारखान्याच्या आंकड्याशीं ताडावें. नंतर गाडी भारासह तापवून पुढचा व मागचा असे दोन्ही नॉक्स-सेन्सर वाचावे. मागचा आंकडा पुष्कळ कमी असला पाहिजे. फवारा मुद्दाम बंद ठेवून दालनांत सांचलेला अमोनिया संपूं दिला, तर दोघांचे आंकडे जवळजवळ सारखे यावे. न आले तर एक सेन्सर चुकीची साक्ष देत आहे. सारखे आले, फवाराही योग्य आहे, माल शुद्ध आहे, तरी फवारा चालूं केल्यावर मागचा आंकडा उतरत नाहीं, तरच उत्प्रेरकावर संशय घ्यावा. एक मेख मात्र ध्यानांत ठेवावी: हा सेन्सर अमोनियालाही नॉक्सच समजतो. म्हणून युरिया जास्त पडला तरी ‘नॉक्स जास्त’ अशीच ओरड होते.

काजळीच्या दालनाची गोष्ट वेगळी. तें वारंवार भरत असेल तर दोष बहुधा त्याच्या आधीं असतो: गळके इंजेक्टर, टर्बोच्या नळीची गळती, कोंदलेला एअर फिल्टर. कारण न शोधतां नुसती काजळी जाळणें म्हणजे गळक्या छपराखालीं भांडें ठेवणें. शिवाय वंगणाच्या तेलाची राख जळत नाहीं. ती दालन काढून साफच करावी लागते. आणि उभ्या गाडींत ही क्रिया चालविली असतां बाहेर पडणारा वायु अत्यंत तप्त असतो. उंसाच्या हंगामांत वाळल्या पाचटावर किंवा कडब्याच्या गंजीशेजारीं ती कधींही चालूं करूं नये.

नगर शहरालगत वाहननगर येथें संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. वाहनांच्या अधिकृत कसोट्या घेणाऱ्या देशांतील मोजक्या संस्थांत तिची गणना होते. तेथील साधनें रस्त्याकांठच्या गॅरेजला लाभणार नाहींत. परंतु आधीं मोजावें, मग बोलावें, हा तेथील धडा फुकट मिळण्याजोगा आहे.

राहिला मोहाचा मार्ग. संगणकाला खोटी खबर देणारी डबी बसवून दिवा विझविणारे लोक आहेत. २०१५ सालीं फोक्सवॅगन या जर्मन कंपनीनें कसोटीपुरता धूर शुद्ध ठेवणारी युक्ति गाड्यांत घातल्याचें अमेरिकेंत उघडकीस आलें, तेव्हां तिला अब्जावधि डॉलर मोजावे लागले. रस्त्यावरच्या डबीचा अपराध आकारानें लहान असेल, जातीनें तोच आहे. कांदा नासूं नये म्हणून धांवपळ करणाऱ्या मालकाची अडचण खरी असते. तिचा उपाय दिवा पेटतांच, गाडी रिकामी असतांना, क्रमवार तपासणी करून घेण्यांत आहे. दुरुस्तीनंतर तीच गाडी भरून तोच घाट चढवावी, आंकडे पुन्हां वाचावे, आणि मगच काम पुरें झालें असें म्हणावें. दिवा विझला एवढ्यावरून हवा शुद्ध झाली, असें होत नाहीं.