नाबोथचा मळा आणि आपलं हक्कसोडपत्र

(कोल्हापुरात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

सुरुवातीलाच सांगतो, मी आलिम नाही आणि वक्ताही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर प्रोग्राममधल्या चुका शोधतो, आणि निम्म्या वेळा ती चूक मी स्वतः लिहिलेल्या ओळीत सापडते. आज जे बोलणार आहे तेही साधारण तसंच आहे.

विषय असा: ख्रिस्ती माणसं आपला धर्मग्रंथ वाचताना आजच्या राजकारणाचा विचार कशी करतात? कालच एकाने मला विचारलं, "भाई, आपलेच प्रश्न काय कमी आहेत?" प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर असं की ते आपले शेजारी आहेत. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ साली या शहरात आले, म्हणजे कोल्हापूरचा ख्रिस्ती समाज काही काल-परवाचा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, तसं ख्रिस्ती मुलांच्या वसतिगृहालाही पाठबळ दिलं. दुसरं कारण आकड्यांचं. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत आणि ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी. आपण स्वतःला लहान समजतो. आपल्याहून कितीतरी लहान असलेला समाज बोलतो कसा आणि गप्प कधी बसतो, हे बघण्यासारखं आहे.

जून २०२३ तुम्हा सगळ्यांना आठवतो. मोबाईलवरच्या स्टेटसवरून ७ जूनला शहरात जमाव रस्त्यावर आला, दुकानं फुटली, इंटरनेट बंद झालं. मी घरून काम करत होतो. लॅपटॉप उघडा आणि काम शून्य, असा बसलो होतो. वातावरण जरा निवळल्यावर इंजिनिअरिंगच्या वर्गातला माझा एक ख्रिस्ती मित्र घरी आला. अम्मीने चहा केला. त्याने धीराचे शब्द वगैरे काही बोलले नाहीत. फक्त म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे ये. आम्ही सात-आठ जण बायबल वाचतो. बसून ऐक."

मी गेलो. त्या दिवशी राजांच्या पहिल्या पुस्तकातला २१ वा अध्याय होता. गोष्ट थोडक्यात सांगतो.

नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाब राजाला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता. बदल्यात चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे देतो, असं राजा म्हणाला. नाबोथ म्हणाला, ही वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राजा रुसून जेवणावर बहिष्कार टाकून पडून राहिला. मग राणी ईजबेलने राजाच्या नावाने, राजाचा शिक्का मारून, गावातल्या प्रतिष्ठितांना पत्रं लिहिली. त्यात सांगितलं की उपास जाहीर करा, लोक जमवा, नाबोथला पुढे बसवा आणि दोन खोटे साक्षीदार उभे करा. आरोपही तिने ठरवून दिला: याने देवाची निंदा केली आणि राजाचीही. म्हणजे ईशनिंदा आणि राजद्रोह, दोन्ही एकदमच. गावाने तसंच केलं. नाबोथला दगडांनी ठेचून मारलं. राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तर तिथे एलीया संदेष्टा उभा. त्याने राजाला तोंडावर विचारलं, खूनही केलास आणि वर वारसही झालास का? हे एलीया म्हणजे आपले हजरत इलियास अलैहिस्सलाम. सूरह साफ्फातमध्ये त्यांचा उल्लेख आहे.

वाचन संपलं. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी विचारलं, "यात आपण कोण?" सगळे म्हणाले, नाबोथ. मनातल्या मनात मीही तेच म्हणालो. त्या आठवड्यात तर नक्कीच. बाई म्हणाल्या, "नाबोथ एकटाच होता. बाकीचं सगळं गाव पंच होतं. पत्र आलं, खोटं आहे हे कळलं आणि तरी सह्या झाल्या. आपण बहुतेक वेळा पंच असतो."

मी घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. धर्मग्रंथ वाचताना आपण आपोआप स्वतःला पीडिताच्या जागी बसवतो. त्या बाईंनी आम्हाला पंचांच्या रांगेत बसवलं.

निघताना मित्राने 'सुबोध बायबल' वाचायला दिलं. त्याचे अनुवादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. जन्म १९४२, गाव वसईतलं नंदाखाल. कॅथलिक धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक, ज्ञानोबा-तुकोबांवर जीव असलेला माणूस. पण मला ते त्यांच्या कामामुळे जवळचे वाटतात.

वसईची हरित पट्टी म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, फुलं, भाजी आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. १९८० च्या दशकाच्या शेवटी ही जमीन बांधकामाला खुली होऊ लागली. इमारती वाढल्या आणि विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जाऊ लागलं. बिल्डर, गुंड आणि राजकारणी यांच्यासमोर कुणी बोलायला धजत नव्हतं. अशा वेळी दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात उतरले. आता बघा, हा मुद्दा चर्चचा नव्हता, ख्रिस्ती आरक्षणाचा नव्हता, कुणी चर्चवर दगड टाकला म्हणूनही नव्हता. मुद्दा पाण्याचा आणि जमिनीचा होता, आणि विहीर हिंदूची आटली काय नि ख्रिस्त्याची आटली काय, दोन्ही सारखंच. वाडवडिलांची जमीन सोडणार नाही, हे नाबोथचंच वाक्य वसईचा शेतकरी मराठीत म्हणत होता. त्याच्या बाजूने एक धर्मगुरू उभा राहिला.

पुढे २०१९ मध्ये ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला संमेलन झालं, तेव्हा त्यांची तब्येत चांगली नव्हती. पाच दिवसांपूर्वी दिल्लीत जेएनयूमध्ये विद्यार्थ्यांवर हल्ला झाला होता. आधीच विरोध झालेला, आपला समाज एक टक्क्याहून कमी, वर आजारपण. गप्प बसायला याहून चांगली कारणं कुठली? ते गप्प बसले नाहीत. विद्यार्थ्यांची डोकी फुटत असताना मौन बाळगता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी अध्यक्षीय मंचावरून मांडली.

२५ जुलै २०२४ ला ते गेले. त्याच्या अकरा दिवस आधी, १४ जुलैला, विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात आपल्या लोकांची घरं आणि मशीद फोडली गेली होती. आम्ही त्या धावपळीत होतो. दिब्रिटो गेल्याची बातमी मी रात्री उशिरा वाचली.

आता आपल्याकडे येतो.

जून २०२५ मध्ये शेजारच्या सांगलीत एका आमदाराने जाहीर भाषणात, धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना मारहाण करणाऱ्यांसाठी रोख बक्षिसं जाहीर केली. पुढच्या महिन्यात ख्रिस्ती समाज मुंबईत आझाद मैदानावर जमला. कोल्हापूर ते सांगली अंतर पन्नास किलोमीटर. आपल्यापैकी किती जणांनी एक ओळ लिहिली? मी लिहिली नव्हती. बातमी वाचली, वाईट वाटलं आणि खाली सरकवली. त्या गावातले पंचही कदाचित असेच हळहळले असतील.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. पाकिस्तानात आसिया बीबी नावाची ख्रिस्ती शेतमजूर बाई होती. २००९ मध्ये शेतावर पाण्याच्या भांड्यावरून बायकांशी भांडण झालं आणि तिच्यावर ईशनिंदेचा आरोप आला. २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. तिच्या बाजूने बोलणारे गव्हर्नर सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. मार्चमध्ये ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी यांनाही मारलं. ३१ ऑक्टोबर २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून तिला निर्दोष सोडलं. आयुष्याची नऊ वर्षं गेली. जिथे आपली संख्या जास्त आहे तिथे नाबोथ कोण आणि पंच कोण, हे सांगायला मला इलियास अलैहिस्सलामांची गरज पडत नाही. "ते पाकिस्तान आहे, आम्हाला कशाला विचारता" हे उत्तर कुणी दुसऱ्याने टोमणा मारला तर ठीक आहे. आपण आपल्याला विचारलं तर पुरत नाही. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीचा आशयच असा आहे की न्यायासाठी उभे राहा, मग तो तुमच्याविरुद्ध, आईबापाविरुद्ध, नात्यागोत्याविरुद्ध का जाईना.

आणि तिसरी गोष्ट माझ्या घरातली. सांगावी की नाही, याचा बरेच दिवस विचार केला.

दादाजींची एक एकर उसाची जमीन होती. ते वारल्यावर माझ्या दोन फुफींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. मी शाळेत होतो. दोघींना साड्या घेतल्या, जेवण झालं, फेरफार झाला, सातबाऱ्यावरून नावं गेली. त्याच उसाच्या पैशातून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. मुलीचा वाटा त्याच सूरह निसामध्ये ठरवून दिलेला आहे. तो मुलाच्या निम्मा का, यावर आपण इथे वाद घालतो आणि घालायलाच हवा. पण जेवढा लिहिलाय तेवढासुद्धा आपण देत नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती. फुफी "खुशीने" आल्या होत्या. माहेर तुटू नये म्हणून दिलेल्या खुशीला खुशी म्हणायचं का, हे मला त्या शिक्षिकेच्या प्रश्नानंतर सुचलं. नाबोथच्या गोष्टीत मी राजाच्या घरात वाढलो होतो.

गेल्या रमजानमध्ये मी अब्बांपाशी विषय काढला. ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. एक फुफी आता हयात नाहीत. दुसऱ्या फुफींना भेटलो, तर म्हणाल्या, "आता कशाला रे बाबा?" मी उठलो. दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कागद केलास तर आधी मला वाचून दाखव. तेव्हा कुणी दाखवला नव्हता." कागद अजून झालेला नाही. अब्बा नाही म्हणालेले नाहीत, एवढंच आज सांगू शकतो.

मित्रांनो, मैत्रिणींनो, जुलूम आपल्यावर होत नाही असं मी म्हणत नाही. गजापुरातली फुटलेली घरं मी पाहिली आहेत. पण सत्तेला जाब विचारायचा तर विचारणाऱ्याच्या आवाजात जोर लागतो, आणि माझ्या सातबाऱ्यात फुफीचं नाव नसताना माझा आवाज बसतो. दिब्रिटोंचं जेएनयूबद्दलचं बोलणं लोकांनी ऐकलं, कारण आपल्या समाजाबाहेरच्या माणसाच्या पाण्यासाठीही ते आधी उभे राहिले होते.

म्हणून तीन कामं सुचवतो. महिन्यातून एकदा ग्रंथ मराठीत, बसून, एकत्र वाचू. कधी आपल्या घरी, कधी ख्रिस्ती मित्रांकडे. दरवेळी एकच प्रश्न विचारू: यात आपण कोण? दुसरं, पुढच्या वेळी चर्चवर, पाद्र्यावर, कुणाच्याही वस्तीवर संकट आलं तर चोवीस तासांत आपल्या नावाने निषेध लिहू. तिसरं, या महिन्यात आपापल्या घरचा सातबारा किंवा घराचे कागद काढून बघा. कुणाची नावं त्यात नाहीत, ते वाचा.

तिसरं काम आधी करा. ते सगळ्यात जवळ आहे आणि सगळ्यात अवघडही.