अडखळणारें इंजिन



अमळनेर म्हटलें कीं बोरी नदीचा कांठ, संत सखाराम महाराजांची यात्रा आणि तत्त्वज्ञान मंदिर हीं सुशिक्षित माणसास प्रथम आठवतात. १९१६ सालीं श्रीमंत प्रतापशेठजींच्या औदार्यानें हें तत्त्वज्ञान मंदिर उभें राहिलें. आपल्या तर्कशास्त्रांत कारण शोधण्याची एक जुनी रीत आहे. तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक गोष्ट असली म्हणजे दुसरी घडते, आणि ती नसली म्हणजे घडत नाहीं, असें वारंवार दिसलें, तर पहिली दुसरीचें कारण समजावी. या रीतीचा उपयोग आज मला एका अगदीं तेलकट विषयास करून दाखवावयाचा आहे. कार्ब्युरेटरवर चालणारी जुनी पिकअप अडखळूं लागली, उभी असतां थरथरूं लागली, चढावर धक्के देऊं लागली, म्हणजे दोष कोठें शोधावा, हा तो विषय होय.

आज खानदेशांत माल वाहणाऱ्या बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात. तथापि १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत महिंद्रा कंपनीनें विलिस जीप जोडण्यास आरंभ केल्यानंतर पेट्रोलच्या जीपगाड्या देशभर पसरल्या; मागें हौदा असलेली तसली एखादी गाडी कोणी जिवापाड जपून ठेवलेली अद्याप आढळते. अशी गाडी रुसली कीं मालक वा मिस्त्री पहिला हात घालतो तो कार्ब्युरेटरच्या स्क्रूला. एक स्क्रू थोडा आंत, दुसरा थोडा बाहेर! पंधरा मिनिटांत मूळ दोष तसाच राहतो आणि त्यांत नव्या दोषाची भर पडते. रोग्याची नाडी न पाहतां औषध द्यावें, त्यांतलाच हा प्रकार आहे.

इंजिनास तीनच गोष्टी लागतात: सिलिंडरमध्यें दाब, वेळेवर पडणारी ठिणगी, आणि हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण. शोधही याच क्रमानें करावा. दाबच नसेल तर उत्तम ठिणगी व्यर्थ होय; आणि ठिणगी नसेल तर उत्तम मिश्रणही न जळतां धुराड्यावाटे निघून जाईल.

आरंभ मात्र कानानें करावा. इंजिन ठराविक अंतरानें एकेक ठोका चुकवीत असेल, तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा असतो. ठोके कसेही, केव्हांही चुकत असतील, तर दोष चौघांना सामाईक असलेल्या ठिकाणीं, म्हणजे पॉइंटमध्यें किंवा मिश्रणांत, शोधावा. ही तपासणी उघड्या जागीं करावी. बंद खोलींत इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु माणसाचा प्राण घेतो, आणि त्याला वास नसतो.

आतां व्यतिरेकाचा प्रयोग पाहूं. इंजिन बंद करून एका प्लगची तार काढावी, तिचें टोंक इंजिनाच्या लोखंडास पक्कें जोडावें आणि इंजिन पुन्हां सुरूं करावें. चाल पूर्वींपेक्षां बिघडली, तर तो सिलिंडर आपलें काम करीत होता असें समजावें. तार काढूनही कांहींच फरक पडला नाहीं, तर आळशी सिलिंडर तोच! मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरांत घालून पाहावा. दोष प्लगाबरोबर शेजारीं गेला, तर प्लगच सदोष. दोष जागचा हालला नाहीं, तर तार तपासावी आणि दाब मोजावा. दाब कमी भरल्यास प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावा. आंकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीं. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच उतरलेला असेल, तर मधलें गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा.

काढलेले प्लग पुसून टाकण्यापूर्वीं पाहावे. त्यांच्या तोंडावर इंजिनाची प्रकृति लिहिलेली असते. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा. कोरडी काळी काजळी पेट्रोल अधिक झाल्याची, ओला तेलकटपणा तेल वर चढत असल्याचा, आणि पांढरेंफटक तोंड पेट्रोल कमी पडल्याचें लक्षण होय. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरचें झांकण उघडावें. विलिस जीपमध्यें पॉइंटचें अंतर सुमारें अर्धा मिलिमीटर ठेवावें लागतें. पॉइंटला खड्डे पडले असतील, तर कंडेन्सरही तपासावा.

इतकें झाल्यावरच मिश्रणाकडे वळावें. इंजिन चालू असतां चोक किंचित् ओढावा. चाल सुधारली तर मिश्रणांत पेट्रोल कमी आहे. बहुधा कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून चोरटी हवा आंत शिरत असते, किंवा जेटमध्यें कचरा अडकलेला असतो. चाल अधिकच बिघडली, तर पेट्रोल जास्त आहे. मग फ्लोट आणि हवेचा फिल्टर पाहावा. जेट साफ करतांना त्यांत तार घालूं नये. भोंक केंसभर रुंदावलें तरी मिश्रणाचें प्रमाण कायमचें बिघडतें. हवेच्या झोतानें कचरा काढावा.

खानदेशापुरत्या दोन गोष्टी विशेष सांगण्याजोग्या आहेत. वैशाखांत जेव्हां पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां इंजिनाजवळच्या नळींत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटतो. गाडी तापल्यावर बंद पडते आणि थंड झाली कीं मुकाट्यानें सुरूं होते. येथें कार्ब्युरेटरचा अपराध नाहीं. नळी धुराड्यापासून दूर सरकवावी. दुसरी गोष्ट आजच्या पेट्रोलची. २०२३ पासून देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणास साडेतेराच्या आसपास पुरते. जुने जेट पहिल्या हिशेबानें पाडलेले असल्यामुळें मिश्रण थोडें पातळ होतें. शिवाय जुने रबरी भाग इथेनॉलनें फुगतात किंवा चिरतात. जुन्या गाडीच्या नळ्या व पंपाचा पडदा बदलून घेणें म्हणूनच शहाणपणाचें.

हा सारा खटाटोप केवळ हौशीसाठीं नाहीं. चुकणाऱ्या सिलिंडरांतलें न जळलेलें पेट्रोल भिंतीवरचें तेल धुऊन नेतें. मग रिंगा झिजतात, आणि दहा मिनिटांच्या तपासानें सुटणारा दोष इंजिन उघडण्यापर्यंत जातो. ज्याची भाजी अथवा केळीं त्या हौद्यांतून बाजारांत जातात, त्याच्या हंगामाची कमाई त्यांत बुडूं शकते.

म्हणून स्क्रूला हात लावण्यापूर्वीं तो किती फेरे उघडा आहे हें मोजून लिहून ठेवावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारलें, तर गाडी चालेल खरी, परंतु कारण हातीं लागणार नाहीं. आणि कारण हातीं न लागलेला दोष पुढच्या घाटांत पुन्हां भेटल्यावांचून राहत नाहीं.