पडद्यावरचा आखाडा

खेळ आणि चित्रपट यांची गाठ आपल्याकडे पडली ती कुस्तीत. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती झाली, आणि सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, ती टिपली. फिल्म धुवायला मात्र विलायतेस पाठवावी लागली! त्या काळचा कॅमेरा एका जागी रोवलेला. समोर घडेल ते पाहणारा साधा साक्षीदार.

या साक्षीदाराला खरी वाचा फुटली १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये. लेनी रीफेनस्टाल या बाईंनी मैदानात खड्डे खणून कॅमेरे बसविले, रुळांवरून पळविले, पाण्याखालीही नेले. १९३८ साली त्यांचा ‘ऑलिंपिया’ पडद्यावर आला, तेव्हा सूर मारणारा माणूस आभाळात तरंगताना लोकांनी पाहिला. आज क्रिकेटचा झेल आपण संथ गतीने पुनःपुन्हा पाहतो, त्या पाहण्याची दीक्षा बरीचशी या माहितीपटाने दिलेली आहे. पैसा होता हिटलरच्या सरकारचा. ते सौंदर्य निरागस नव्हे.

त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डी आणि इतर देशी खेळ करून दाखविले होते. आम्हां वैदर्भीयांना याचा अभिमान वाटणारच. पण कबड्डीला घरोघरच्या पडद्यावर मानाचे पान मिळाले ते २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यावर! कॅमेरा कोणाकडे वळवायचा, हे खेळाडू ठरवीत नाही.

पुढे साक्षीदार न्यायाधीशही झाला. १९९२ साली डर्बनला सचिन तेंडुलकर चित्र पाहून धावबाद दिला गेला. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला तो पहिलाच फलंदाज. आता जामठ्याच्या मैदानावर प्रत्यक्ष खेळ समोर असताना आपल्या माना मोठ्या पडद्याकडे वळतात.

यात हरवते काय? वाट पाहणे. दोन मल्ल खडाखडी करतात, मिनिटे जातात, कोणी पडत नाही. जाणता प्रेक्षक त्यातच रंगतो. कात्री आधी तेवढेच कापते. माहितीपटाने दुसरी वाटही दाखविली आहे, हेही सांगितले पाहिजे. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकवर कोन इचिकावांनी चित्रपट केला, त्यात चाड देशाचा एक एकाकी धावपटू आहे. त्याला पदक मिळाले नाही, तरी कॅमेरा त्याच्या जेवणाच्या टेबलापर्यंत जातो.

आता तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. आपल्या भागातली एखादी कुस्ती, हात मिळविल्यापासून पाठ लागेपर्यंत, न कापता कोणी टिपून ठेवावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.