समोरचा वारा, बाजूचा वारा

वाऱ्याच्या तोंडाला सायकल हांकणाऱ्यास जें पोटऱ्यांवरून कळतें, तेंच मोटारीच्या शिल्पज्ञाला गणितानें शिकावें लागतें. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याला पुरून उरणारी शक्ति आठपट लागते. २८ जानेवारी १९३८ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट मार्गावर हें गणित कसाला लागलें.

त्या सकाळीं रुडॉल्फ काराच्चिओला यानें मर्सिडीज-बेंझ गाडीनें एका किलोमीटरवर ताशी ४३२.७ किलोमीटर, म्हणजे सुमारें २६९ मैल, इतका वेग गांठला. तिचें बारा सिलिंडरांचें इंजिन केवळ स्वतःच्या दमावर हवा ओढीत नव्हतें; त्याला दोन सुपरचार्जर जोडलेले होते. या यंत्रांत दोन फिरक्या एकमेकींत गुंतून उलट दिशांनीं फिरतात व इंजिनांत हवा कोंबतात. लोहाराचा भाताच म्हणा ना! हवा अधिक, म्हणून जाळावयाचें इंधनहि अधिक. त्यामुळें ७३६ अश्वशक्ति निर्माण झाली. अर्थात् हा भाता फुकट चालत नाहीं. त्याला फिरविण्यांत इंजिनाचीच कांहीं शक्ति खर्च होते.

खरी करामत नाकाशीं होती. रेडिएटरसाठीं मोठें तोंड ठेवावें तर आंत शिरणारी हवा गाडीस अडविते; बुजवावें तर पाणी उकळतें. शिल्पज्ञांनीं रेडिएटर चक्क बर्फाच्या पेटींत बसविला! त्या लहानशा धांवेला तेवढा गारवा पुरला, आणि नाकावर इंजिनाच्या श्वासापुरत्या दोन नाकपुड्याच काय त्या उरल्या.

नंतर औटो-युनियनची सोळा सिलिंडरांची गाडी घेऊन बेर्न्ट रोझमायर निघाला. सार्वजनिक रस्त्यावर ताशी ४०० किलोमीटरांपलीकडे प्रथम गेला तो हाच, १९३७ सालीं. एव्हांना वारा वाढला होता. बाणाला मागें पिसें असतात, म्हणून तो सरळ जातो; तुळतुळीत, निमुळत्या गाडीला तीं नसतात. तिच्यावर आडव्या वाऱ्याचा जोर पुढच्या भागीं अधिक पडून नाक वळूं पाहतें. त्यांतून या गाडीच्या बाजू चाकें झांकून जवळजवळ जमिनीपर्यंत उतरविलेल्या. समोरच्या वाऱ्याचा जितका विचार झाला, तितका बाजूच्या वाऱ्याचा झाला नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

मोर्फेल्डनजवळ झाडी संपून मोकळी जागा लागते. तेथें गाडी रस्ता सोडून उधळली, आणि रोझमायर मरण पावला. वय अवघें २८. पत्नी एली बाइनहॉर्न ही नामांकित वैमानिक, आणि मूल तान्हें.

सार्वजनिक रस्त्यावरील काराच्चिओलाचा उच्चांक २०१७ पर्यंत टिकला. रोझमायरचें स्मारक त्याच रस्त्याच्या कडेला आहे.