देव्हाऱ्याला चीर पडली तर

आपल्या बऱ्याच घरांत सासूबाईंच्या किंवा त्यांच्याही आधीच्या काळातला सागवानी देव्हारा असतो. त्याच्या महिरपीला चीर पडली, एखादं कमळ निखळलं, की तो भंगारात जातो आणि कोरीवकाम जळणाच्या भावानं विकलं जातं. आम्ही गटातल्या बायका म्हणतो, जरा थांबा.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. केसाएवढी चीर ऋतूप्रमाणे उघडते, मिटते. तिच्यात कडक पुट्टी भरू नका. लाकूड फुगलं की ती बाहेर ढकलली जाते. मधमाशीचं मेण चोळा, तेवढं पुरे.

चिरेतून पिठासारखा भुसा गळत असेल तर आत कीड आहे. आधी सुताराला दाखवा.

तुकडा निघाला असेल तर जपून ठेवा. कोरड्या ब्रशनं धूळ काढा, तेलकटपणा पुसा; तेलावर किंवा मेणावर फेविकॉल धरत नाही. आधी तुकडा नुसता बसवून पाहा. मग दोन्हीकडे पातळ थर लावा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून बांधा, बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं लगेच टिपा. पूर्ण एक दिवस हलवू नका. खाच उरली तर सागाचाच बारीक भुसा फेविकॉलात कालवून भरा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा.

समई महिरपीच्या अगदी जवळ ठेवू नका; धगीनंही लाकूड तडकतं. ऑइल पेंट तर नकोच, नक्षी बुजते.

खर्च काय, फेविकॉलच्या डबीचा. देव्हारा मात्र नातवंडांपर्यंत पोचेल.