किशोरांच्या कथेला पत्ता हवा



संपादकाची आवड ही त्याची खासगी बाब नसते. मला जे रुचत नाही ते छापलं जात नाही, आणि मग ते मुलांपर्यंत पोचतच नाही. म्हणून बारा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी आलेली कथा मी कोणत्या नजरेनं वाचतो, हे आज जाहीरपणे सांगणं मला गरजेचं वाटतं.

आमच्याकडे एक कथा नावं बदलून सतत येते. मुलाला रस्त्यात पाकीट सापडतं, तो ते परत करतो, मुख्याध्यापक प्रार्थनेच्या वेळी त्याचा सत्कार करतात. त्या मुलाच्या घरी पैशांची निकड आहे का, पाकीट उघडताना त्याच्या मनात काय आलं, यावर एक ओळही नसते. तात्पर्य आधीच ठरलेलं असतं, मुलगा त्याच्यामागे फरफटत येतो. अशी कथा मी साभार परत पाठवतो. त्यावर कुणीतरी ‘श्यामची आई’चा दाखला देतं. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली आपल्याच जिल्ह्यात, नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पण ते नीट वाचा. श्याम पोहायला घाबरतो, दडून बसतो, आईचा मार खातो. ती भीती खरी आहे, म्हणून पुढची शिकवण मनात उतरते. गुरुजींच्या मागून लिहिणाऱ्यांनी शिकवण तेवढी उचलली आणि भीती वगळली.

दुसरी गोष्ट मी पाहतो ती कथेचा पत्ता. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा आहे. त्याला गाव आहे, सायकल आहे, पुण्यातली शाळा आहे. संकटात तो स्वतःचं डोकं चालवतो. मोठी माणसं मागाहून पोचतात. फेणे वाचून झाला की आपला वाचक थेट ‘मृत्युंजय’वर आणि ‘छावा’वर उडी घेतो. मधल्या वयात त्याच्या हाती द्यायला आपल्याकडे फार थोडं आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, पण त्याच्या कथांचं ‘वनवास’ बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या कपाटात असतं. ग्रंथपालांनो, ते तिथून काढा. लंपनला जेवढं कळतं तेवढंच संत सांगतात, उरलेलं वाचकावर सोडतात. चौदा वर्षांच्या मुलाला असा विश्वास हवाच असतो.

आणि मालेगावच्या मुलाचा पत्ता मराठी कथेत कुठे आहे? या गावातून मुलांसाठी ‘गुलशन-ए-अतफाल’सारखं उर्दू मासिक निघतं. २०२१ च्या डिसेंबरात इथे राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला, तेव्हा कोटी रुपयांच्या वर पुस्तकं विकली गेली. इथल्या पोरांनी हौसेनं स्वतःचे सिनेमे काढले, ‘शोले’ रचला, ‘सुपरमॅन’ उडवला, आणि त्यावर २००८ साली निघालेला माहितीपट जगभर पाहिला गेला. एवढं सगळं असताना इथल्या मोसम नदीच्या काठावरची किशोर कादंबरी मराठीत मला शोधूनही मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मध्यंतरी एक कथा टपालानं आली. यंत्रमागाच्या शेडला लागून राहणारी मुलगी. रात्री वीज जाते, साचे थांबतात, आणि खटखट बंद झाल्यामुळे तिला जाग येते. आई अंधारातच भरलेल्या कांड्या चाचपून मोजत असते, कारण सकाळी हिशेब द्यायचा असतो. मुलगी काहीही न बोलता शेजारी बसते आणि मोजू लागते. दोघींचे आकडे जुळत नाहीत. गरिबी हा शब्द कथेत एकदाही नव्हता. मी स्वल्पविरामही न हलवता ती छापायला दिली.

अशा कथा इथे घरोघर आहेत. घरात अहिराणी बोलणाऱ्या मुलाचे संवाद अहिराणीतच लिहा. त्यांना मी प्रमाण मराठीचा गणवेश चढवणार नाही. कथा इथल्या इतिहासातही आहेत. १८१८ साली इथल्या भुईकोट किल्ल्याला इंग्रजांनी वेढा घातला आणि आतल्या अरब शिपायांनी तो झुंजवला. तटाआडून ते पाहणारं एखादं पोर कुणी लिहील का?

माझी मागणी साधी आहे. इथल्या उर्दू आणि मराठी लेखकांनी या वर्षात एकमेकांची एकेक तरी किशोरकथा आपल्या भाषेत आणावी. शिक्षकांनी मुलांचं लिखाण तात्पर्य न जोडता, जसंच्या तसं पाठवावं. आलेलं प्रत्येक पान मी स्वतः वाचेन.